तारण, सोडवण, मोकळीक

पतसंस्थेच्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' असे लिहिलेले असते आणि चार घरे सोडून चर्चच्या कमानीवर 'प्रभू येशू तारणारा'. दोन्ही पाट्या एका दमात वाचूनही मराठी माणूस अडखळत नाही, हे खरे तर नवलच. पहिल्या तारणात बाईच्या पाटल्या तिजोरीत जाऊन बसतात, दुसऱ्यात माणूस पापातून बाहेर येतो. एक अडकवणारे, दुसरे सोडवणारे, आणि शब्द एकच.

धातू अर्थात 'तॄ'. 'तरति' म्हणजे पाणी ओलांडून जातो, 'तारयति' म्हणजे ओलांडून नेतो. तीर्थ म्हणजे मुळात नदी पायी ओलांडता येईल अशी जागा. पुण्य तिथे मागाहून साचले. कोकणातले तारू याच घरचे. परीक्षेत उत्तीर्ण होणारा याच घरचा, आणि एसटीतून उतरणारासुद्धा. 'उत्' म्हणजे वर; तेव्हा उतरणे म्हणजे आधी पाण्यातून वर येऊन काठावर पाय टाकणे, मग नावेतून बाहेर पडणे, मग कशातूनही खाली येणे, असा प्रवास झालेला दिसतो. उपसर्गाने वर बोट दाखवावे आणि अर्थाने खाली जावे, असे भाषेत चालते. अवताराला तेवढी कसरत करावी लागली नाही. त्याचा 'अव' पहिल्यापासूनच खाली पाहतो.

मग पाटल्यांचे काय? गहाण सरळ आहे: ग्रहण, म्हणजे धरून ठेवलेले. तारणाचा उलगडा मला आपल्याच एका क्रियापदात दिसतो. मराठीत पैसे 'बुडतात'. कर्ज बुडीत खात्यात जाते, बँक बुडते, बुडवे लोक तर गल्लोगल्ली. जे बुडू शकते ते तारावे लागते. म्हणून उसने दिलेले पैसे तरंगत राहावेत यासाठी घेतलेली वस्तू म्हणजे तारण. तसे असेल तर सावकार आणि पाद्री दोघेही एकाच पाण्याकाठी उभे आहेत.

ख्रिस्ती भाषांतरकारांना हा शब्द आयता मिळाला. विल्यम केरी आणि त्याचे पंडित वैजनाथ यांनी दूर बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून मराठी केले आणि 1811मध्ये नवा करार छापला, तेव्हा इकडे कीर्तनांतून भवसागर, नाव, नावाडी यांची ये-जा शतकानुशतके चालली होती. आजच्या मराठी बायबलात ग्रीक 'सोतेरिया'साठी तारण पक्का बसला आहे. गंमत अशी की मूळ ग्रीक शब्दात पाण्याचा थेंब नाही. 'सोस' म्हणजे धडधाकट, शाबूत. लॅटिनचा 'साल्वुस' तसाच, आणि त्याचा संस्कृत भाऊ म्हणजे आपला 'सर्व'. अखंड, न फुटलेला, पुरा. गोव्यातला साल्वादोर आणि आपले सर्वश्री, सर्वजण हे असे दूरचे का होईना, नातलग निघतात. युरोपात जे 'पुरे असणे' होते, त्याचे मराठीत 'पार होणे' झाले.

गोव्याच्या कोकणीने मात्र वेगळा शब्द धरला: सोडवण, आणि तारणारा तो सोडवणदार. आमच्या 'सोडणे-सुटणे' या जोडीची ओळख पटवायला एक जुनी खूण आहे. प्राकृतातला 'छ' मराठीत पुष्कळदा 'स' होतो: हिंदीची छुरी ती आपली सुरी, छायेची सावली, मच्छाचा मासा, पूछनाचे पुसणे. तसेच छूटनाचे सुटणे, छोड़नाचे सोडणे. म्हणजे हिंदीतला छुटकारा आणि मराठीतली सुटका यांच्यामध्ये एका दातांच्या फटीएवढेच अंतर आहे. सोडवणदाराचे शेपूट मात्र फारसी, जमीनदार-हवालदारांच्या पंगतीतले. पोर्तुगिजांच्या राज्यात पाद्र्यांनी शिकवलेल्या धर्माचा मध्यवर्ती शब्द प्राकृत धड आणि फारसी शेपूट घेऊन उभा राहिला, यात मला तिथल्या भाषेचा कणखरपणा दिसतो. त्याच मुलखात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले. ते 1616मध्ये छापले गेले. स्वर्गाला त्याने खुशाल 'वैकुंठ' म्हटले. शब्दाच्या जुन्या मालकाची त्याला फारशी भीती वाटलेली दिसत नाही.

सोडणे हे क्रियापद मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी रोज असते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या पाठाप्रमाणे, पापांची क्षमा मागितलेली नाही. मागितले आहे ते ऋण सोडणे. येशू जी अरामी बोलत असे तिच्यात 'होबा' म्हणजे कर्जही आणि पापही. मत्तयाच्या ग्रीकाने कर्ज राखले, लूकच्या पाठाने पाप केले, आणि मराठीने मत्तयाबरोबर जाऊन 'ऋण' ठेवले. बरे केले. 'क्षमा'मध्ये सोसणे आहे, पृथ्वीसारखे गप्प राहणे आहे. ऋण सोडण्यात वहीवर आडवी रेघ मारणे आहे. आपल्याकडे ऋण हा शब्द ऐकताच तीन ऋणे आठवतात, आणि मनूचा दंडक आठवतो की ती तिन्ही फेडल्यावाचून मोक्षाकडे मन लावू नये. तिथे फेडणे, इथे सोडणे. 'फेडणे' तरी काय आहे? नेसलेले वस्त्र फेडतात आणि कर्जही फेडतात; गाठ सैल करणे हाच दोन्हींचा गाभा असावा. लॅटिनात 'सॉल्वेरे' म्हणजे सोडणे, सैल करणे आणि देणे चुकते करणेही. कर्ज ही गाठ आहे, हे रोमच्या सावकाराला आणि देशावरच्या कुळंब्याला स्वतंत्रपणे सुचले असणार.

ग्रीक 'लुओ' म्हणजे सोडणे, त्यावरून 'लुत्रॉन' म्हणजे सोडवणुकीची किंमत: युद्धकैद्याची किंवा गुलामाची. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या जिवाबद्दल हा शब्द वापरतो आणि मराठी बायबल तिथे 'खंडणी' लिहिते. नव्या वाचकाला इथे दचकायला होते. पोलिसांचे खंडणीविरोधी पथक, खंडणीखोर, धमकीचे फोन! पण शब्द तेवढा बदनाम नव्हता. 'खंड' म्हणजे तोडलेला तुकडा. 'खंडणे' म्हणजे रक्कम एकदाची तोडून ठरवणे. शेत खंडाने देतात तेव्हा पीक येवो न येवो, आकडा ठरलेला असतो. मराठेशाहीतली खंडणीही तशीच, ठरवून घेतलेली आणि मुलूख सुरक्षित राहावा म्हणून दिलेली. बायबलात 'खंडून मिळवलेली मुक्ती' असा प्रयोग आहे, त्यात हाच जुना व्यवहार दिसतो: माणूस आकडा ठरवून, पुरा देऊन सोडवून आणला. आणखी पुढे जाऊन पाहिले तर 'लुओ'शी संस्कृत 'लू', कापणे, याचे नाते लावतात. त्याचाच 'लव' म्हणजे कापलेला कण. इकडे खंड, तिकडे लव. दोन्हीकडे सुटकेच्या मुळाशी काहीतरी तुटलेले आहे.

खंडणी दिली, पण कोणाला? हा प्रश्न मराठी माणूस पहिल्या झटक्यात विचारील, आणि तो चर्चनेही हजार वर्षे विचारला. तिसऱ्या शतकात ओरिजेनचा कल असा की ती सैतानाला दिली, कारण माणूस त्याच्या ताब्यात होता. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने हे मोडीत काढले: सैतान हा चोर, त्याचा हक्कच काय? देणे होते ते देवाचे. म्हणजे ओरिजेनची खंडणी आजच्या पोलिसी अर्थाजवळची, आणि अँसेल्मची शेताच्या खंडाजवळची. दोघांनाही मराठी येत असते तर वाद थोडा लवकर मिटला असता, असे उगीच वाटून जाते.

हिब्रूकडे वळलो तर मोबदला देऊन सोडवण्याला तिथे 'पादा' आहे. सेमिटिक कुळात हिब्रू 'प' हा अरबीत 'फ' होतो, आणि पादाचा अरबी भाऊ 'फदा'. त्यावरून 'फिदा', म्हणजे दुसऱ्यासाठी दिलेला मोबदला, ओवाळून टाकलेला जीव. तो फारसी-उर्दूतून मराठीत आला तेव्हा सिनेनटीवर फिदा होण्यापुरता उरला. इजिप्तच्या दास्यातून सोडवलेले इस्राएल आणि लावणीवर फिदा झालेला पाटील एकाच धातूवर उभे आहेत, हे पाटलाला सांगायला हवे.

व्यवहारातले शब्द इथे संपत नाहीत. पौल म्हणतो की देवाने आपला आत्मा आपल्याला 'अराबोन' म्हणून दिला आहे. मूळ शब्द सेमिटिक, व्यापाऱ्यांबरोबर ग्रीकमध्ये गेला असावा. आजच्या ग्रीकमध्ये त्याचा अर्थ चक्क साखरपुडा. मराठी बायबलाने त्याला 'विसार' म्हटले. ज्याने कधी जमीन किंवा बैल घेतला आहे त्याला विसार समजावून सांगावा लागत नाही: थोडी रक्कम हातावर ठेवली, विसारपावती झाली, आता उरलेले येणारच आणि मागे फिरता येणार नाही. 'पूर्वानुभव', 'प्रतीती' असे जड शब्द हाताशी असताना ज्या कोणी हा बाजारातला शब्द उचलला, त्याला दाद द्यायला हवी. तारण, खंडणी, विसार, ऋण. मराठीतली ख्रिस्ती सुटका वेदान्ताच्या देवघरातून कमी आणि सावकाराच्या ओसरीवरून जास्त आलेली दिसते, आणि म्हणूनच ती कुळाला आणि रयतेला कळली असावी.

आता मुक्ती. धातू 'मुच्', आणि त्याच्या इच्छार्थक रूपातून मोक्ष व मुमुक्षू. भाषाशास्त्रज्ञ या धातूचे नाते लॅटिन 'मूकुस'शी, म्हणजे शेंबडाशी जोडतात; मूळ कल्पना निसटण्याची, बुळबुळीत वस्तू हातातून सुटण्याची असावी. चार पुरुषार्थांतल्या शेवटल्याची ही सोयरीक कोणी मुद्दाम छापत नाही. त्याच धातूचा शिंपल्यातून सुटलेला 'मुक्ता' म्हणजे मोती, आणि प्राकृत 'मुक्क', 'मुक्कल' यांवरून आपला मोकळा. धाय मोकलून रडणे त्यातलेच, आणि मोकाट गुरेही असावीत. मुक्काम आणि मोका हे मात्र सोंगाडे. ते अरबी 'मकाम' आणि 'मौका' आहेत, त्यांना या घरात घेऊ नये.

मोकळा या शब्दापाशी मी जरा जास्त रेंगाळतो. त्याचे दोन अर्थ आपण वेगळे करतच नाही: कैदी मोकळा आणि मैदान मोकळे. सुटलेला आणि ऐसपैस. संस्कृतात संकट म्हणजे शब्दशः अरुंद, चिंचोळे. वेदातला 'अंहस्' म्हणजे आवळलेपण, त्यावरून क्लेश, त्यावरून पाप. आणि ऋग्वेदातली माणसे देवांकडे मागतात ती अंहसातून सुटका आणि 'उरु', म्हणजे रुंद जागा. इकडे हिब्रूत दुःखाला 'सार', अरुंद, म्हणतात, आणि स्तोत्रकर्ता देवाचे आभार मानतो ते आपल्याला रुंद जागी आणून उभे केल्याबद्दल. येशू हे नाव ज्या 'याशा' धातूवरून आले, त्याचाही मूळ अर्थ 'ऐसपैस करणे' असा जुने कोशकार अरबी 'वसिअ'च्या आधाराने लावत. अलीकडचे तेवढी खात्री धरत नाहीत. पण नातेसंबंध टिकला नाही तरी हिशेब जुळतो: पाप म्हणजे कोंडी, सुटका म्हणजे हातपाय पसरता येणे. 'बोलून मोकळं वाटलं' असे म्हणणारी मराठी बाई नकळत ऋग्वेदाची आणि स्तोत्रसंहितेची एकदम साक्ष काढते.

बाई म्हटल्यावर पंडिता रमाबाईंना टाळता येत नाही, कारण मोक्ष या शब्दाशी त्यांच्याइतके उघड भांडण मराठीत क्वचितच कोणी केले असेल. वडील अनंतशास्त्री डोंगरे, पुराणे तोंडपाठ, 1878मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलेली. अशी बाई धर्मशास्त्रे वाचते आणि 1907च्या आपल्या साक्षीत लिहिते त्याचा आशय असा, की मोक्षाचा रस्ता स्त्रीसाठी स्त्री म्हणून खुला नाही: पतिसेवा करावी, पुण्य साठवावे, पुढल्या कुठल्याशा जन्मी उच्च वर्णाचा पुरुष व्हावे. वारकरी इथे हरकत घेतील, जनाबाईचे आणि मुक्ताबाईचे नाव पुढे करतील, आणि ती हरकत रास्त आहे. पण रमाबाई वाचत होत्या ते शास्त्र, आणि शास्त्राचे म्हणणे त्यांनी काही वाकवून सांगितलेले नाही.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथेही शब्दांवरून खटका उडालाच. संन्यासिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असत. रमाबाईंनी पत्रातून विचारले की लॅटिनमध्ये संस्कृतापेक्षा अधिक पवित्र असे काय आहे? धर्म बदलला म्हणून भाषा का बदलावी, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. साक्षीत मात्र त्या कबूल करतात की बाप्तिस्म्याने त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. तो मिळाला आणखी काही वर्षांनी, विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचल्यावर, जेव्हा आपण जशा आहोत तशा, काही न कमावता, स्वीकारल्या गेलो असे त्यांना जाणवले. ऋण फेडून नाही, सुटून.

साक्ष म्हणजे 'स-अक्ष', डोळ्यांदेखत. ग्रीक 'मार्तुस' म्हणजेही साक्षी, मग साक्षीपायी मरणारा. अरबी शहीदाची वाट हुबेहूब तीच. मार्तुसचे नाते संस्कृत 'स्मृ'शी लावतात. ते खरे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्येही साक्षीचा धातू दडला आहे. हे विषयांतर झाले, पण तो ग्रंथ कोणत्याही निमित्ताने आठवावा असाच आहे.

तर, 1896-97च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून आणलेल्या मुली केडगावला आल्या आणि तिथल्या वसाहतीचे नाव पडले 'मुक्ती'. तारण हा बायबलचा पक्का शब्द हाताशी होता. साल्व्हेशन आर्मीने मुंबईत 1882मध्ये उतरल्यावर आपल्याला मुक्तिफौज म्हणवून घेतले होते, संस्कृत धड आणि अरबी पाय. त्यांचा म्होरक्या टकर तर स्वतःला फकीरसिंग म्हणवी. पण रमाबाईंच्या तोंडी मुक्तीला निराळी धार आहे. जो शब्द शास्त्राने बाईला नाकारला, तोच त्यांनी बायकांच्या घरावर लावला. मोक्ष घेतला नाही, मुक्ती घेतली, हेही पाहण्यासारखे आहे: मोक्ष शास्त्राकडेच राहिला, मुक्तीला मात्र मोकळ्याची बहीण म्हणून शेतात, विहिरीवर, मागावर, छापखान्यात वावरता आले. त्याच छापखान्यात केडगावच्या बायकांनी खिळे जुळवले. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल नव्याने साध्या मराठीत उतरवत होत्या. 1922च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि पूर्ण ग्रंथ 1924मध्ये निघाला. आंधळ्या स्त्रियांच्या घराचे नाव होते बार्तिमी सदन, शुभवर्तमानातल्या आंधळ्या बार्तिमयावरून. 'बार' अरामी, म्हणजे मुलगा, तिमयाचा मुलगा. नारायण वामन टिळकांनी 1917मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला, त्यातला 'बार' निराळा: तो फारसी, म्हणजे भेटीची परवानगी. 'दर' मात्र आपल्या द्वाराचा भाऊ. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्या दारातून आत येता यावे, अशी टिळकांची कल्पना होती.

मुलाचा विषय निघालाच आहे तर स्वातंत्र्याचा खरा कुटुंबवृत्तान्त राहून जाऊ नये. फारसी 'आझाद' हा जुन्या इराणी 'आझात'वरून आला. त्यातला 'झन्' म्हणजे आपला 'जन्'. आझाद म्हणजे कुळात जन्मलेला. लॅटिन 'लीबेर' म्हणजे स्वतंत्र, आणि त्याचे अनेकवचन 'लीबेरी' म्हणजे घरची मुले. इंग्रजांचा 'फ्री' तर संस्कृत 'प्रिय'चा भाऊ. जो आपला, लाडका, तो बंधनात नाही. आता उलट बाजू पाहा. गुलाम हा अरबी शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ मुलगा. ग्रीक 'पाइस' म्हणजे मुलगा आणि नोकर. हॉटेलातला पोऱ्याही पोरच. म्हणजे घरात दोन पोरे: एक आझाद, एक गुलाम, आणि दोघांच्याही नावात जन्म किंवा बालपण. फरक जन्माचा नाही, घराशी असलेल्या नात्याचा आहे.

पौल गलतीकरांस लिहिताना नेमके हेच पकडतो: वारस लहान असेतोवर त्याच्यात आणि दासात काही फरक दिसत नाही. मग ख्रिस्ताने खंडून सोडवले, आणि त्यापुढे जाऊन दत्तक घेतले. मराठी बायबलात 'दत्तक' हा शब्द आहे, जो आपल्याकडे गाद्या आणि जहागिऱ्या हलवत आला. सुटून रस्त्यावर जायचे नाही, सुटून घरात यायचे, असा हा मामला. मोक्षात घर सुटते. इथे घर मिळते. भाषांतरकारांनी मोक्ष टाळला असेल तर तो या फरकामुळे असावा, असा माझा तर्क आहे.

घर आले की वतन आले. बायबलात सार्वकालिक जीवनाला 'वतन' म्हटले आहे. अरबीत वतन म्हणजे मायभूमी. मराठी मुलखात आल्यावर ते पाटील-कुळकर्ण्यांचे पिढीजात हक्क झाले. पण महारांचेही वतन होते, आणि ते वतन म्हणजे पिढीजात वेठ. डॉ. आंबेडकरांनी त्याविरुद्ध 1928मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कायद्याने ते गेले 1958नंतर. अहमदनगरकडचे कितीतरी ख्रिस्ती याच समाजातून आलेले. आठवडाभर ज्या वतनापायी गावाची वेठ करायची, तोच शब्द रविवारी उपासनेत ऐकू येई. त्याच्या शेजारी पौलाच्या पत्रात 'वारस' आहे, आणि त्याला असा काही कलंक लागला नाही. तो अरबी 'वारिस'वरून आला. त्याचा हिब्रू चुलतभाऊ 'याराश'. दास्यातून निघालेल्या लोकांना जमीन मिळते तेव्हा मोशेच्या पुस्तकांत तेच क्रियापद पुन्हा पुन्हा येते.